गोळीआधीचं नाव

तपासणी यायची म्हटलं की आष्ट्याच्या 'निवांत' नावाच्या वृद्धनिवासात लग्नघरासारखी गडबड उडायची. पडदे धुतले जायचे, खाटा सरळ रेषेत यायच्या आणि गोळ्यांची कपाटं दोनदा पुसली जायची. क्रांती तिथली मुख्य सिस्टर. तिला या गडबडीचा राग यायचा. वर्षभर नीट वागावं आणि त्या दिवशी निवांत चहा प्यावा, असं तिचं म्हणणं. ती वागायचीही नीट, एक गोष्ट सोडून.

तपासणी खात्यातल्या, सांगलीच्या शरयू मॅडम मागे साऱ्यांना शिकवून गेल्या होत्या. गोळी द्यायच्या आधी माणसाला त्याचं पूर्ण नाव विचारायचं. आपण सांगायचं नाही, त्यानं सांगायचं. म्हातारी माणसं भिडेखातर कशालाही मान डोलावतात आणि एकाची गोळी दुसऱ्याच्या पोटात जाते. क्रांतीला हे मनापासून पटलं होतं. हाताखालच्या सगळ्यांकडून तिनं ते घोकून घेतलं होतं.

गाडी अडायची ती मनुबाई थोरातांपाशी. ऐंशीच्या पुढचं वय, सगळा संसार कोयनानगरच्या वसाहतीत झालेला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा फौजेत लांब कुठंतरी.

"आजी, पुरं नाव सांगा की."

"मनुबाई…" एवढं म्हणून म्हातारी पदराशी चाळा करायची. "अगं बया! त्येंचं नाव मी कसं घिऊ?"

क्रांतीची स्वतःची आजी अशीच होती. रेशन दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं की शेजारणीला पुढं करायची. त्यामुळं क्रांती हसायची आणि आपणच म्हणायची, "मनुबाई हरिबा थोरात. बरोबर?" मनुबाई डोक्यावरचा पदर लगबगीनं पुढं ओढायच्या, जणू हरिबा दारातच येऊन उभे राहिलेत, आणि म्हणायच्या, "व्हय." मग गोळी. त्या लाजण्याचं क्रांतीला भारी कौतुक. यात कसला आलाय नियम मोडणं, म्हातारीचा मान राखतोय आपण, अशी तिनं मनाची समजूत घातली होती.

पण यात एक मेख होती. ज्यांना स्वतःची ओळख सांगता येत नाही, अशांना ठेवून घ्यायचा परवाना 'निवांत'ला नव्हता. त्यांना सांभाळायचं वेगळं शिक्षण लागतं, म्हणून त्यांना सांगलीच्या केंद्रात हलवावं लागे. आणि मनुबाई तर इथं मुरल्या होत्या. दुपारी अंगणात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायच्या. "मला आता हितनं वरच धाडा, मधी कुटं उतरवू नगा," असं त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

या खेपेला तपासणीला शरयू मॅडमच आल्या. मनुबाईंच्या खाटेपाशी थांबून त्यांनी पूर्ण नाव विचारलं. मनुबाई "मनुबाई…" म्हणून पदर चाळवू लागल्या.

क्रांती घाईनं म्हणाली, "मॅडम, त्या नवऱ्याचं नाव घेत नाहीत. जुनी रीत आहे. डोकं अगदी शाबूत आहे त्यांचं."

मॅडमना हसू आलं. "माझी आईसुद्धा घेत नाही. बरं, मग उखाण्यात घ्या, आजी. तिथं तर चालतं ना?"

शेजारच्या खाटांवरच्या बायका सरसावून बसल्या. मनुबाई आधी नको नको म्हणाल्या, पण डोळे चमकले. घसा खाकरून त्यांनी ठेक्यात सुरुवात केली.

"कोयनेच्या पाण्याची वीज गेली दूर…"

आणि थांबल्या. बायका हसल्या, एकीनं टाळी वाजवली. मनुबाईंनी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथंच थांबल्या. आता त्या लाजत नव्हत्या. घरात ठेवलेली वस्तू जागेवर सापडू नये तसा चेहरा झाला होता. हसणं हळूहळू बंद पडलं.

क्रांतीच्या ओठावर नाव आलं होतं. तीन अक्षरं, नुसते ओठ हलवले असते तरी भागलं असतं. मॅडम खिडकीकडे बघत होत्या, कदाचित मुद्दामच. क्रांतीनं ओठ घट्ट मिटले. तिला रडू येत होतं.

मनुबाईंनी तिचा हात धरला. "तूच सांग की गं. रोज गोळीच्या आदी तूच तर सांगतीस. त्येवढ्यावर माजा दिस निगतोय."

क्रांती म्हणाली, "मॅडम, त्यांना आठवत नाही. कधीपासून ते मला माहीत नाही, कारण मी कधी थांबलेच नाही. त्यांच्या वतीनं मीच उत्तर देत आले."

'निवांत'ला ताकीद मिळाली. क्रांतीला पुन्हा प्रशिक्षणाला बसवलं, आणि ती मुकाट्यानं बसली. मनुबाईंना सांगलीला न्यायची गाडी आली तेव्हा क्रांती बरोबर गेली. वाटेत मनुबाई उसाच्या ट्रॉल्या बघत राहिल्या. कुठं चाललोय, हे त्यांनी विचारलं नाही, आणि ते क्रांतीला फार लागलं.

सांगलीचं केंद्र चांगलं होतं. तिथल्या राजेश्वरी सिस्टरनं मनुबाईंच्या मनगटावर नावाची पट्टी बांधली. "आता यांना काही विचारायला नको," ती म्हणाली. "पट्टी बघायची, गोळी द्यायची. चूक व्हायचा प्रश्नच नाही."

क्रांतीनं पट्टीवरचं नाव वाचलं. बरोबर होतं. नियमात कुठं बोट ठेवायला जागा नव्हती.

"एक करा सिस्टर," ती म्हणाली. "पट्टी बघाच. पण मोठ्यानं वाचा."

राजेश्वरीनं जरा नवलानं तिच्याकडे पाहिलं, मग मनगट हातात घेऊन वाचलं, "मनुबाई हरिबा थोरात."

मनुबाईंनी दुसऱ्या हातानं पदर पुढं ओढला आणि म्हणाल्या, "व्हय."