‘कळप’ची बारावी पायरी

मी रशीदा मुजावर. वाईत एसटी स्टँडमागे पहिल्या मजल्यावर माझा टायपिंगचा क्लास आहे, तेवीस वर्षं झाली. येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट सांगते. वाचू नका. समोरचं अक्षर बघा आणि बोटं चालवा. वाचायला लागलात की अर्थ डोक्यात शिरतो, अर्थ शिरला की वेग पडतो आणि वेग पडला की सरकारी परीक्षेत नापास. कुणाचे ओठ हलताना दिसले की मी मागून पट्टी आपटते. टेबलावर, अंगावर नाही.

वेग वाढवायला माझ्याकडे ‘कळप’ नावाचा गेम आहे. सांगलीच्या लालासाहेब नावाच्या माणसानं तो २००३ साली केला. तोही टायपिंगच शिकवायचा, घरचे मेंढपाळ, मूळचे जतकडचे. पडद्यावर मेंढरं पळत येतात, प्रत्येकाच्या पाठीवर एक वाक्य. ते बिनचूक टाइप केलं की मेंढरू जाळीच्या आत. चुकलात किंवा रेंगाळलात की लांडगा घेऊन जातो. अशा बारा पायऱ्या. मी सीडी रीतसर विकत घेतली होती. पुढं लालासाहेब २०११ साली वारले, त्यांचा क्लास बंद झाला, फोन लागेना. मग मी काय करायचं होतं? दर बॅचला पोरांना पेनड्राइव्हवर देत राहिले. दोन वर्षांपूर्वी, कुणी न विचारणारे जुने गेम फुकट ठेवणाऱ्या एका साइटवरही टाकला. सातारा-सांगलीची पोरं त्यावर पास होत होती आणि मला त्याचा अभिमान होता.

गेल्या जानेवारीत नोटीस आली. लालासाहेबांचा मुलगा दिग्विजय, राहणार सांगली. परवानगीशिवाय प्रती काढल्या, वाटल्या, ताबडतोब थांबवा. माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं कुठं झोपला होता हा बाबा? नोटीस घेऊन मी आप्पासो वकिलांकडे गेले.

“माणूस गेला, धंदा बंद पडला, म्हणजे बेवारसच झाला ना गेम?”

“नाही हो बाई. हक्क वारसांकडे जातो. करणारा वारल्यावर साठ वर्षं.” त्यांनी बोटांवर मोजलं. “दोन हजार एकाहत्तर संपेपर्यंत.”

“तोवर मी मातीत असेन.”

“गेम मात्र त्यांचाच असेल. हक्क सोडायचा तर करणाऱ्यानं तसं लेखी कळवावं लागतं. कुणी विचारत नाही म्हणून सुटत नाही. आणि तुम्ही फुकट वाटलात, त्यानंही काही फरक पडत नाही.”

साइटवरून मी गेम त्याच दिवशी काढला. पण परीक्षा महिन्यावर आली होती आणि क्लासमधला काढायचा म्हणजे चाळीस पोरं वाऱ्यावर. म्हणून दिग्विजयला फोन लावला. खरं सांगायचं तर भांडायच्या तयारीनंच लावला.

“पैसे नकोत मॅडम,” तो म्हणाला. “बंद करा, एवढंच. माझी पोरगी टायपिंग शिकतेय. तुमच्या साइटवरनं तिनं घेतला. नवव्या पायरीला आली आणि सगळ्यांदेखत विचारलं, बाबा, आजी घर सोडून गेली होती का?”

“नवव्या पायरीत काय आहे?”

“तुम्ही शिकवता ना तो?”

मग त्यानंच सांगितलं. आईचं नाव बनाबाई. तो सहा वर्षांचा असताना ती घर सोडून शिरवळला माहेरी गेली. बापानं एकट्यानं वाढवलं. बाप गेल्यावर यानं तिला घरी आणलं. “कर्तव्य म्हणून आणलंय. बोलणं बेताचंच आहे आमचं. पण तिनं जे केलं ते दोन जिल्ह्यांतल्या पोरांनी कशाला टाइप करत बसायचं? खरं असलं म्हणून?”

त्याच दुपारी मी नवव्या पायरीपर्यंत गेले आणि पहिल्यांदा ती वाचली. ‘बना घर सोडून गेली. लहान मूल दारात उभे होते. बनाने मागे वळून पाहिले नाही. बनाला दया आली नाही.’ वाचता वाचता माझा वेग पडला, लांडग्यानं दोन मेंढरं नेली आणि पायरी गेली. मी मशीन बंद केलं. तेवीस वर्षं, दोनेक हजार पोरं, वर मी. एकानंही वाचलं नव्हतं आणि वाचू नका हे मीच सांगत होते. मला फार लाज वाटली.

दिग्विजयला पुन्हा फोन केला. म्हटलं, या आणि तुमच्या हातानंच काढून टाका.

रविवारी सकाळी तो आला, क्लासला सुट्टी होती. मागोमाग जिना चढत एक काटक म्हातारी आली. त्यानं “आई” एवढीच ओळख करून दिली आणि तिला खाली गाडीत बसायला सांगितलं.

“हितंच बसते,” बनाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, “काडून टाकायच्या आदी मला दाव. काय लिवलंय त्ये.”

दिग्विजय नको म्हणाला. त्यांनी ऐकलं नाही. मी बसले आणि टाइप करत नवव्या पायरीपर्यंत गेले. पायरी संपली की सगळी मेंढरं वाक्यांसकट जाळीत उभी राहतात. बनाबाईंनी पडद्यावर बोट ठेवून एकेक वाक्य वाचलं. त्यांचा चेहरा हलला नाही. दिग्विजय खिडकीतून स्टँडकडं बघत उभा होता.

“सपलं?”

“अजून तीन पायऱ्या आहेत.”

“त्यांत काय आहे?” दिग्विजयनं विचारलं.

“माहीत नाही. टाइप कितीदा तरी केल्यात. वाचल्या नाहीत.”

“चालव बाई,” बनाबाई म्हणाल्या.

दहावी आणि अकरावी म्हणजे नुसता मेंढरांचा बाजार आणि लोकरीचं वजन. बारावीला मिनिटाला पंचेचाळीस शब्द लागतात आणि एकही चूक चालत नाही. माझी पोरं तिथवर जातच नाहीत, परीक्षेला तेवढ्या वेगाची गरजच नसते. मी न वाचता बोटं चालवली. शेवटचं मेंढरू आत गेलं, मग मी जाळीतली वाक्यं वाचली.

‘बना आपणहून गेली नाही. दाराला आतून कडी मी घातली. दिवस मावळेपर्यंत ती पायरीवर बसून होती. मुलाला मी खोटे सांगितले. मला बनाची माफी मागायची आहे.’

दिग्विजय खुर्ची ओढून बसला. मग आईकडं वळला. “तू कधी बोलली का नाहीस?”

“तुला बाप तरी ऱ्हाऊ दे म्हनलं.” बनाबाईंनी पदरानं चष्मा पुसला. “बारा पायऱ्या बांदत बसला. त्यापरास कडी काडायची की.”

आईला हाताला धरून तो जिना उतरला. वर येताना त्यानं तसं केलं नव्हतं. गेम काढायचं कुणी बोललंच नाही.

पंधरा दिवसांनी कुरियरनं स्टॅम्पपेपर आला. गेम शिकवायला आणि फुकट वाटायला परवानगी, वारस म्हणून दोघांच्या सह्या. बनाबाईंची सही थरथरती, पण पूर्ण नावाची. खाली एकच अट होती. नवव्या पायरीला पोचलेल्या कुणालाही बाराव्या पायरीपर्यंत नेल्याशिवाय सोडायचं नाही. आप्पासोंनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, असली अट कायद्यात कुठं नाही, पण तुम्हाला पाळावी लागेल.

मी पाळते. पोरं कुरकुरतात, परीक्षेला एवढा वेग कशाला म्हणतात, मी बधत नाही. परवा एक मुलगी, समीक्षा, पहिल्यांदा बारावीला पोचली आणि चौथ्या वाक्यावर तिची बोटं थांबली. तिचे ओठ हलत होते. लांडगा आला, मेंढरू घेऊन गेला, सगळी पायरी तिला पुन्हा करावी लागणार होती. पट्टी माझ्या हातातच होती. मी ती आपटली नाही.