थांबलेला आकडा

सबाने दोन्ही हातांनी पंपाचं हँडल उचललं, बसच्या बाजूला असलेल्या गॅस भरायच्या तोंडावर सरळ धरलं आणि आत ढकललं. खटका बसला. तिने एकदा ओढून पाहिलं आणि हिरवा दिवा लागेपर्यंत हात काढला नाही.

"लागलं," ती म्हणाली.

दोरीपलीकडे मांडवातून टाळ्या वाजल्या. मे महिना होता. अजून दुपार झाली नव्हती, तरी अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतले पत्रे तापून चमकत होते. मांडवातले मोठे पंखे मुद्दाम बंद ठेवले होते. बसमध्ये हायड्रोजन भरून झाला की त्याच हँडलमधून उलट बसची वीज बाहेर घ्यायची आणि त्या विजेवर पाहुण्यांच्या हस्ते पंखे सुरू करायचे, असा कार्यक्रम ठरला होता. तोवर पाहुणे निमंत्रणपत्रिकेनेच वारा घेत होते.

हँडल दिसायला साधं होतं, पण त्याच्या पोटात बरंच काही होतं. गॅसची नळी, वीज घेणारी जाड तार आणि टाकीचं तापमान पंपाला सतत कळवणारी एक बारीक तार. सोलापूरच्या उन्हात हे सगळं एकत्र नीट चालेल का, याच प्रश्नावर सबाची दोन वर्षं गेली होती. या पंपावर गॅस भरण्याची सगळी जबाबदारी तिची होती.

प्रकल्पाचे प्रमुख अमृत कोठावळे माइकवर बोलत होते. ही बस उद्यापासून सोलापूर-मैंदर्गी मार्गावर चाचणीला निघेल, तिच्या मागून धूर येणार नाही, फक्त पाण्याची वाफ येईल, असं ते सांगत होते. त्यांचा आवाज चांगला होता आणि त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास होता, त्यामुळे ऐकणाऱ्यांचाही बसत होता.

शेवटच्या रांगेत, फाटकाच्या सर्वांत जवळच्या खुर्चीवर सबाचे वडील हुसेनसाब बसले होते. अमिनाने, त्यांच्या बायकोने, लेकीचा कार्यक्रम म्हणून त्यांना बळेच पाठवलं होतं. सरबताचा ग्लास त्यांनी हातात धरला होता, प्याले मात्र नव्हते. सारी उमर बसच्या चाकामागे गेलेला माणूस. याच रस्त्यावर त्यांनी इतकी वर्षं गाड्या चालवल्या होत्या, की वाटेवरची गावं त्यांना हॉर्नवरून ओळखत. पुण्याहून बससोबत आलेला ड्रायव्हर आठवड्याभरात परत जाणार होता, म्हणून कोठावळ्यांनी घरी येऊन हुसेनसाबना विचारलं होतं. त्यांनी चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. कारण सांगितलं नाही. घरात ते सर्वांना ठाऊक होतं. त्यांचा धाकटा भाऊ गौस गॅसच्या टँकरवर होता. दूरच्या एका डेपोत टँकर भरताना नळी फुटली आणि तो गेला. तेव्हापासून घरातला सिलिंडरही हुसेनसाब स्वतः लावत नसत.

सबा पडद्यासमोर उभी होती. दाब चढत होता. तापमान तेहतीस.

"एकदम छान," कोठावळे माइक बाजूला ठेवून तिच्याजवळ आले. "बघ, काट्यावर चाललंय. उगाच धास्ती घेतली होतीस उन्हाची."

सबाने मान हलवली. बस रात्रभर शेडमध्ये गार जागी होती, त्यामुळे सुरुवातीला तेहतीस बरोबर होतं. दाब आणखी चढला. तापमान तेहतीस. तिने पडद्याच्या काचेवर बोट टेकवलं, जणू धूळ बसली असावी. सायकलच्या पंपाने हवा भरली तरी नळी गरम होते. इथे तर त्याच्या कितीतरी पट दाबाने गॅस टाकीत घुसत होता. तो थंड करून पाठवत असले तरी टाकी तापायलाच हवी होती. आणि आकडा हलत नव्हता.

टाकी गार आहे असं समजून पंप पूर्ण वेगाने गॅस ढकलत होता.

"सर, आकडा अडकलाय."

"कुठला? सगळं हिरवं आहे."

"तापमानाचा. चढायला पाहिजे होता."

कोठावळ्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग मांडवाकडे. पुढच्या रांगेतले पाहुणे पंख्याचं बटण लावलेल्या टेबलाकडे निघण्याच्या तयारीत होते.

"निम्म्याच्या वर भरलंय," ते आवाज खाली आणून म्हणाले. "चार-पाच मिनिटांचा प्रश्न आहे. आणि टाकीला वर वेगळी सुरक्षा आहेच ना. तूच बसवून घेतलीस."

"ती वापरायची वेळ आणायची नाही, सर."

"सबा, मी मुख्य ऑफिसला एक फोन करतो, त्यांना विचारून…"

तिने लाल बटण दाबलं.

पंपाची घरघर थांबली. नळीत उरलेला गॅस उंच नळकांड्यातून वर सुटला, त्याचा सूं असा लांबलचक आवाज वसाहतभर गेला. मांडवात खुर्च्या सरकल्या. काही जण उठून उभे राहिले, काही जण उठलेल्यांकडे पाहून उठले. सबाने हात वर करून सांगितलं, "घाबरायचं काही नाही, गॅस मीच सोडलाय. पण सगळ्यांनी बाहेरच्या रस्त्यापर्यंत मागं व्हा." तिचा आवाज इतका सरळ होता की लोक न पळता चालत गेले.

नळीतला दाब उतरल्याची खात्री झाल्यावर तिने हँडल काढलं. मग तापमान मोजायचं पिस्तुलासारखं यंत्र कमरेला अडकवून शिडी बसला लावली. टाक्या टपावर होत्या. ती अर्ध्यावर चढली तेव्हा शिडी किंचित हलली आणि लगेच स्थिर झाली. तिने खाली पाहिलं. हुसेनसाब शिडीचे पाय दोन्ही हातांनी धरून उभे होते. फाटक त्यांच्या पाठीमागे लांब राहिलं होतं.

"अब्बा, तुम्ही बाहेर जा."

"वर बघ. खाली बघू नगं."

घरात ते दख्खनी बोलत, पण कामाच्या ठिकाणी आयुष्यभर मराठीच बोलले होते. आताही तेच तोंडी आलं.

टाकीच्या मागच्या टोकाला, जिथे धातू उघडा होता, तिथे तिने यंत्र रोखलं. आकडा सत्तरच्या पुढे गेला आणि तिथे रेंगाळला. तिने दुसऱ्या टाकीवर पाहिलं. तीच गत. मर्यादा पंच्याऐंशीची होती, म्हणजे अजून धोका नव्हता, पण त्या चार-पाच मिनिटांनंतर काय झालं असतं, याचा हिशोब तिला करावा लागला नाही.

खाली उतरून तिने यंत्र कोठावळ्यांच्या हातात दिलं. ते स्वतः शिडी चढले. उतरायला त्यांना वेळ लागला. रुमालाने मान पुसत ते काही क्षण बसला टेकून उभे राहिले. पाहुण्यांच्या गाड्या एकेक करून सोलापूरच्या दिशेने वळत होत्या. आचाऱ्याने शिऱ्याच्या पातेल्यावर झाकण ठेवलं.

कोठावळ्यांनी खिशातून फोन काढला. "हां, मीच बोलतोय. भरणं थांबवलं," ते पलीकडच्या माणसाला म्हणाले. "नाही, बिघाड नंतर सांगतो. थांबवायचा निर्णय स्टेशनचा होता. माझ्या स्टेशनचा." फोन ठेवल्यावर त्यांनी सबाकडे पाहिलं नाही, पण "हँडल उघडायला कुणाला बोलावू?" असं विचारलं.

"कुणी नको. मी उघडते."

मांडव रिकामा झाल्यावर तिने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि हँडल खोललं. हुसेनसाब समोर खुर्ची ओढून बसले. बारीक तारेचा सांधा उष्णतेने सैल झाला होता. तार बोलायची थांबली होती आणि यंत्र तिचा शेवटचा आकडाच पुन्हा पुन्हा दाखवत राहिलं होतं.

"म्हंजी येडं झालं नव्हतं ते," हुसेनसाब म्हणाले. "गप बसलं होतं."

"व्हय. आणि आम्ही ते गप बसणं खरं धरलं. ते आता बदलायचं. आकडा हलला नाही तर पंपाने आपोआप थांबायचं."

त्यांनी स्क्रू एका झाकणात गोळा करून ठेवले.

"बटन दाबायच्या आधी कुणाला इचारलंस?"

"कुणालाच नाही."

"साहेब तर फोन करतो म्हणत होते."

"ते फोन करेपर्यंत वेळ गेला असता."

हुसेनसाबनी हाताचे तळवे गुडघ्यांवर पुसले. "गौसच्या टायमाला दोगंजण बघत होते, नळी गळतीय म्हणून," ते म्हणाले. "दोगंबी चांगले होते. सुपरवायझर जेवायला गेला होता. तो येऊन बंद करा म्हणंल, म्हणून थांबले."

चाचाच्या मरणाबद्दल ते इतकं सलग कधी बोलले नव्हते. सबाने पक्कड खाली ठेवली. ते उठून बसभोवती एक चक्कर मारायला गेले. टायरवर त्यांनी बुटाने ठोकलं, वाकून खाली पाहिलं, ड्रायव्हरच्या दारापाशी थांबले आणि आत न चढता परत आले.

"ते लाल बटन," ते म्हणाले. "गाडीतबी असंल की."

"आहे. स्टिअरिंगच्या उजव्या हाताला."

"दाखव बघू."

पुढचा आठवडा दुरुस्तीत गेला. नवा सांधा जास्त उष्णता सोसणारा निवडला, हँडल आधी रिकाम्या टाकीवर तपासलं, मग भर दुपारी उन्हात ठेवून पुन्हा तपासलं. कोठावळे रोज येत आणि घाई करत नसत. पुण्याचा ड्रायव्हर परत गेला. हुसेनसाब दिवसाआड येऊन बसत, कधी आवारातल्या आवारात बस फिरवून बघत. फक्त शिकून ठेवतोय, असं त्यांनी घरी सांगितलं होतं. अमिना मात्र डबा दोघांचा द्यायला लागली.

चाचणीच्या दिवशी मांडव नव्हता, माइक नव्हता. सबाने हँडल लावलं आणि आकडा चढू लागला. अडतीस, त्रेचाळीस, एक्कावन्न. पन्नाशी ओलांडली तसा पंपाने आपणहून वेग कमी केला. चढता आकडा पाहून कोठावळ्यांचा चेहरा खुलला, याचं त्यांचं त्यांनाच हसू आलं. भरून झालं, नळीतला दाब उतरला, मग त्याच हँडलमधून वीज उलट वळवून त्यांनी आवारातला पाण्याचा कूलर चालवून पाहिला. सगळ्यांनी एकेक पेला गार पाणी प्यायलं.

"एकच फेरी," हुसेनसाब चाकामागे बसताना म्हणाले. "मैंदर्गी जाऊन यायचं. पुढचं तुमचं तुमी बघा."

"एकच," कोठावळे म्हणाले.

सबा मोजणीची यंत्रं घेऊन मागच्या सीटवर बसली. बस आवाज न करता निघाली. कुंभारीच्या पुढे रस्ता मोकळा झाला, दोन्ही बाजूंना तुरीच्या कापलेल्या रानांवर ऊन पसरलं होतं. हुसेनसाब सुरुवातीला खांदे आवळून बसले होते. हळूहळू ते सैल झाले. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे त्यांना टायरचा आणि वाऱ्याचा आवाज ऐकू येत होता, आणि मधूनच ते मान तिरकी करून तो ऐकत होते. एका बैलगाडीला त्यांनी हॉर्न न वाजवता, मागे थांबून, वाट दिली.

वळसंगच्या थांब्यावर एक बाई पाटी घेऊन उभी होती. बस दिसताच तिने हात केला. हुसेनसाबनी गाडी बाजूला घेतली आणि दार उघडलं.

"ड्रायव्हरसाब, तुमीच व्हय," ती म्हणाली. ती चंद्रव्वा होती, मैंदर्गीच्या बाजारात भाजी विकणारी. "लई दिस दिसला न्हाईत. मैंदर्गीला जातीय न्हवं?"

"जातीय की."

तिने पाटी पायरीवर टेकवली. सबा सीटवरून उठली. चाचणीत प्रवासी घ्यायचे नाहीत, हा नियम तिनेच लिहिला होता. पण तिला बोलावं लागलं नाही.

"आज न्हाय, चंद्रव्वा," हुसेनसाब म्हणाले. "आज निस्ती गाडी बघायला काढलीया. माणसं घ्यायची न्हाईत."

"मग कवा?"

हुसेनसाबनी चाकावरचा डावा हात उचलला, बोटं मोकळी केली आणि परत ठेवला.

"सोमवारपासनं," ते म्हणाले. "ह्याच टायमाला येतो मी. हितंच थांबा."

"येनार न्हवं नक्की? न्हाईतर जीपवाला निघून जातो."

"येतो की."

चंद्रव्वाने पाटी उचलली आणि झाडाच्या सावलीला परत गेली. ही गाडी कशावर चालते, हे तिने विचारलं नाही. दार मिटलं. आरशात पाहत हुसेनसाबनी रस्ता मोकळा असल्याची खात्री केली आणि बस परत रस्त्याला घेतली. सबा पुन्हा सीटवर बसली, आपलं हसू अब्बांना आरशात दिसू नये म्हणून मांडीवरच्या यंत्राकडे पाहू लागली, आणि अक्कलकोट येईपर्यंत तिने वर पाहिलं नाही.