खांद्याचे पट्टे

साताऱ्याच्या बाजारात नाथाजी सकाळपासून तिसऱ्यांदा त्याच ढिगापुढं उकिडवा बसला होता. ढीग लष्करी सामानाचा. लढाई संपून दीड वर्ष झालं होतं. शिपायाच्या कमरेचा पट्टा जरा मळला की त्याला भर उन्हात पळवणाऱ्या सरकारनं तेच पट्टे आता कडब्यासारखे ओतून विकायला काढले होते. फाटक्या जर्स्या, मातीनं कडक झालेल्या पायपट्ट्या, बिनबुचाच्या बाटल्या, पाठीवरचे पिट्टू. कुणी पिट्टू पोराच्या दप्तराला घेत होतं, कुणी पट्टा बैलाच्या गळ्याला.

"खांद्याचे पट्टे न्हाईत?" नाथाजीनं विचारलं.

"कमरंचा घ्या की. पितळ चांगलं हाय."

"कमरंचा हाय माझ्याकडं. खांद्याचे पायजेत. पाठीवर फुली पडती ते. जोडी."

विकणाऱ्यानं त्याच्याकडं खालीवर बघितलं. "समदं अंगावर चढवून कुठं निघालायसा पाव्हणं? लढाई संपली."

नाथाजी उठला. पाय भरून आले होते. अजून कुंडल गाठायचं होतं, आणि घरी आई विचारणार होती, आणि आज पुन्हा नाही म्हणायचं होतं.

त्याचा धाकटा भाऊ मानसिंग चव्वेचाळीस साली इटलीत पडला. सरकारनं एक छापील कागद पाठवला. त्यात मानसिंगचं नाव तेवढं हातानं लिहिलेलं होतं, तेही चुकीचं. मढं नाही, हाड नाही, अंगावरची चिंधी नाही. मास्तरांनी कागद वाचून दाखवला तेव्हा राहीबाई म्हणाली, "कागद काय कुणाचाबी येतोय," आणि जात्यावर जाऊन बसली. ती बसली ती बसलीच. अडीच वर्षं तिनं लेकाचं सुतक धरलं नाही, दिवस घातले नाहीत, आणि सुनेला कुंकू पुसू दिलं नाही.

सून विजयमाला. सोळाव्या वर्षी या घरात आली, आणि नवऱ्याच्या दोन्ही रजा धरून तिचा संसार झाला चाळीस दिवसांचा. आता बाविशीत होती. गावातल्या सवाशिणी तिला हळदीकुंकवाला बोलवत नव्हत्या, कारण तिचा नवरा मेला होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. विधवा बायका तिला आपल्यात धरत नव्हत्या, कारण तिच्या कपाळावर कुंकू होतं. पाणवठ्यावर ती गेली की दोन्हीकडच्या बायका गप्प होत. तिच्या भावानं, पलूसच्या बाळासोनं, तिच्यासाठी पाटाचं स्थळ बघितलं होतं. माणूस निर्व्यसनी, पदरात एक मुलगी. पण पाटाची गोष्ट काढली की राहीबाई म्हणायची, "जित्या नवऱ्याच्या बायकूचा पाट लावतायसा व्हय?" बाळासो शेवटी एवढंच बोलून गेला होता की पाव्हणं शिमग्यापतोर थांबत्याल, फुडं न्हाईत.

ज्याचं मढं सापडत नाही त्याचा पळसाच्या पानांचा माणूस करतात, तीनशे साठ पानं बांधून, आणि त्याला अग्नी देतात. त्यानं माणूस सुटतो, आणि मागं राहिलेलीही सुटतात. भटजींनी सांगून झालं, भावकीनं सांगून झालं. राहीबाई दसऱ्यानंतर एक दिवस कबूल झाली, पण तिच्या रीतीनं.

"पानांचा तर पानांचा. पण उघडा न्हाई जाणार माझा लेक. शेवटच्या रजंला आला तवा जसा आंगणात हुबा ऱ्हायला, तसा करून दावा. मग जाळा."

शेवटच्या रजेला मानसिंग ताकारी स्टेशनापासून सगळं सामान अंगावर घेऊन चालत आला होता. राहीबाईच्या डोळ्यांत तेव्हाच मोतीबिंदू उतरायला लागला होता. तिनं त्याला अंगणात उभं करून प्रत्येक वस्तू हातानं चाचपली होती. हे काय, ते काय, हे कशाला. मग त्याच्या पाठीवरचं ओझं उतरवायला गेली तर पट्टा सुटेना. कितीतरी वेळ ओढत राहिली. मानसिंग हसून म्हणाला होता, "आये, तसं न्हाई निघत ते. आदी खालचं सोडायचं, मग वरचं."

म्हणून चार महिने नाथाजी हे सामान जमवत हिंडत होता. त्याची बायको लढाईच्या दुसऱ्या वर्षी बाळंतपणात गेली, लेकरूही गेलं. घरात त्याची वाट बघणारं कुणी नव्हतं, म्हणून हिंडायला तोच मोकळा, असं भावकीनं धरलं. सदरा आणि जर्सी त्यानं स्वतःची, फौजेतली, काढून ठेवली. पिट्टू पलूसच्या न्हाव्याकडून आणला. न्हाव्यानं त्यातले वस्तरे काढून फडक्यात बांधले आणि पिट्टू त्याच्या हातात दिला. बाटली एका पाणी पाजणाऱ्या गड्याकडून. कमरेचा पट्टा माधवनगरला गिरणीच्या फाटकावर राखणीला असलेल्या दादासोकडून. दादासो त्याच्या ओळखीचा, तोही लष्करातनं सुटलेला.

"पट्टा देतो," दादासो म्हणाला होता, "पर मग माझी चड्डी काय तू धरून हुबा ऱ्हाणार?"

"सुतळी आणलीया."

दादासोनं सुतळीकडं बघितलं, मग नाथाजीच्या तोंडाकडं बघितलं आणि पट्टा सोडला. "काय दिवस आलं गड्या," एवढंच म्हणाला.

राहिले होते खांद्याचे पट्टे. म्हातारी काही विसरत नव्हती. रोज विचारायची, "फुलीचं घावलं का रं?"

ते घावले साताऱ्याहून परतल्याच्या तिसऱ्या दिवशी, पलूसच्या रानात. पूर्वेच्या कोरड्या मुलखातले धनगर दिवाळीनंतर नदीकडं येतात आणि शेताशेतांत मेंढरं बसवतात. त्यांच्यातल्या बिराप्पाची घोडी बांधावर उभी होती. तिच्या पाठीवरची वाकळा, भांडी आणि कोंबड्यांच्या डालग्याची उतरंड दोन खाकी पट्ट्यांनी आवळलेली होती. लांबूनच नाथाजीला ती रुंद वीण ओळखू आली.

"हे पट्टं कुठनं घेतलं?"

"मिरजंच्या बाजारातनं. का? सरकारजमा करायचंत?"

"मला पायजेत."

"मलाबी पायजेत. दोर काचतोय घोडीला. हे काचत न्हाई."

नाथाजीनं कशाला पाहिजेत ते सांगितलं. बिराप्पा खाली बसला, चंची सोडली, पान जुळवलं. मग म्हणाला, "मेलेल्याला काय वझं बांधायचं हाय? माझी घोडी जिती हाय."

"खरं हाय," नाथाजी म्हणाला. त्याला भांडायचा कंटाळा आला होता. त्यानं खाली बसून आपले बूट सोडले. फौजेतले बूट, दोनदा तळ मारलेले. ते बिराप्पापुढं ठेवले.

बिराप्पानं एक बूट पायात घालून बघितला, चार पावलं लंगडत चालला, काढला आणि दोन्ही बुटांच्या नाड्या बांधून खांद्यावर टाकले. "काट्याकुट्यात बरं," तो म्हणाला आणि घोडीचं ओझं सोडू लागला.

पट्टे हातात आले. एकाच्या टोकाला शिवण होती. फाटलेली जागा मेणदोऱ्यानं सांधलेली. नाथाजीनं ती बघितली आणि पट्टा चटकन उलटा करून घडी घातली. अनवाणी घरी येईपर्यंत त्यानं ती घडी उलगडली नाही.

माघातल्या अवसेला सकाळी अंगणात पानांचा माणूस बांधला. भटजी होते, भावकीतले पाचसहा जण होते, बाळासो पलूसहून आला होता. विजयमाला उंबऱ्यात पाण्याची घागर घेऊन उभी होती. नाथाजीनं पानांच्या माणसाला सदरा घातला, जर्सी घातली, पायपट्ट्या गुंडाळल्या, कमरेला पट्टा लावला, त्यात खांद्याचे पट्टे अडकवले, पिट्टू चढवला. हात आपोआप चालत होते. एकच काळजी त्यानं घेतली. शिवणीची बाजू आत राहील असं बघितलं.

मग राहीबाईला आणून बसवलं. तिनं चाचपायला सुरुवात केली. बाटली. पट्टा. पिट्टू. प्रत्येक वस्तूला मान हलवत होती. खांद्यावर हात आला. बोटं पट्ट्याच्या खाली गेली आणि थांबली.

"ह्यो टाका माझा हाय," ती म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही. राहीबाई वाकळ शिवायची तेव्हा दोरा संपताना तीन टाके उलटे घालून चौथा त्यांच्या पोटातनं काढायची. गाठ मारायची नाही. गावात असा टाका दुसऱ्या कुणाचा नव्हता. घरात लेक नव्हती, म्हणून दोन्ही पोरांना तिनं तो शिकवला होता.

"माझा टाका हाय ह्यो. मानसिंगानं घातलाय. कुठं घावलं रं हे?"

"पलूसच्या रानात," नाथाजी म्हणाला. "धनगराच्या घोडीवर."

"मग." राहीबाईचा आवाज एकदम मोकळा झाला. "पट्टा आला म्हंजी त्यो बी आलाय. हितंच कुटंतरी हाय त्यो. जखमी असंल, ध्यान गेलं असंल. सोडा ती पानं. जाळायचं न्हाई. ऐकताय न्हवं?"

भटजींनी हातातले दर्भ खाली ठेवले. भावकीतला एक जण "आवं काकू" म्हणाला. बाळासोनं उंबऱ्याकडं बघितलं. विजयमालानं घागर खाली ठेवली. तिच्या तोंडावर रडू नव्हतं, राग नव्हता. रोज सकाळी उठून कपाळावर कुंकू लावताना जे तोंड असायचं तेच होतं.

नाथाजीला वाटलं, आपण बोललो नाही तरी चालेल. म्हातारी आनंदात मरेल. फक्त ही उंबऱ्यातली तशीच उभी राहील, म्हातारी होईपर्यंत.

"आये, त्यो टाका मानसिंगाचा न्हाई," तो म्हणाला. "माझा हाय."

"तुजा? दुसऱ्याचं पट्टं तू कशाला शिवशील? तू तर मोर्च्यावर व्हतास."

"न्हवतो. मी बंदूक धरलीच न्हाई."

गावाला त्यानं काही सांगितलं नव्हतं. गावानं आपणहून धरलं होतं की राहीबाईचे दोन्ही लेक लढले, आणि त्यानं ते तसंच राहू दिलं होतं. आता तो जमिनीकडं बघत बोलत राहिला.

"मोर्च्याच्या मागं एक डेपू व्हता. जखमी आणि मेलेल्यांच्या अंगावरचं सामान तिथं यायचं. कवा कवा गाडीत माणूसबी तसाच यायचा, मग आमीच उतरवायचं. पट्टं, पिट्टू, बाटल्या. रगात धुवायचं. फाटलंलं शिवायचं. आतल्या अंगाला नंबर असत्यात, ते घासून काढायचं. मग ते समदं परत फुडं, नव्या माणसाच्या अंगावर. दोन वरसं मी ह्येच केलं. असलं टाकं मी शेकड्यानं घातलंत."

"आन हिकडं कसं आलं ते?"

"जहाजानं. माणसं परत आली तसं सामानबी आलं. माणसांपरास जास्त आलं."

राहीबाईचा हात अजून शिवणीवर होता.

"मानसिंगाचं आलं व्हतं तुज्या हाताखाली?"

नाथाजीला हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यापासून त्याला ठाऊक होतं.

"ठावं न्हाई. त्याची पलटण तिकडं हाय म्हणून कळलं, आन त्या दिसापासनं मी नंबर वाचायचं सोडलं. नुसतं घासत व्हतो."

मग राहीबाई रडेल, अंगावर धावून येईल, निदान शिव्या तरी देईल, असं सगळ्यांना वाटलं. तिनं त्यातलं काहीच केलं नाही. पट्ट्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"काढ मग," ती म्हणाली.

"काय?"

"त्याच्या अंगावरचं. काढ समदं. तुला ठावं हाय कसं काढायचं. मला त्या दिशी बी जमलं न्हाई."

भटजी काहीतरी बोलणार होते. बाळासोनं त्यांना हातानंच थांबवलं.

नाथाजी गुडघ्यांवर बसला. आधी खालचं सोडायचं, मग वरचं. बाटली काढली. पिट्टू काढला. कमरेचा पितळी आकडा उघडला. खांद्याचे पट्टे पाठीमागनं सोडवले. पान एकही फाटू दिलं नाही. डेपोत हे काम त्याला दोन मिनिटांचं होतं. आज त्याला किती वेळ लागला कुणास ठाऊक. जर्सी काढली, सदरा काढला. राहीबाईनं पाणी मागितलं. विजयमालानं घागर आणून दिली. म्हातारीनं पानांच्या अंगावरनं ओंजळीनं पाणी फिरवलं आणि कुणाकडं न बघता म्हणाली, "पोरी, तूबी घाल. आन पूस आता ते."

विजयमालानं पाणी घातलं. त्याच ओल्या हातानं कपाळ पुसलं. पुसायला फारसं काही नव्हतं.

ओढ्यावर न्यायला दोन माणसं पुरली. पानं ती, वजन काय असणार. पेटली तशी भुर्रकन जळून गेली. एवढ्यासाठी अडीच वर्षं, असं भावकीतला कुणीतरी पुटपुटला. नाथाजीनं ऐकलं. त्याला राग यायला हवा होता, तो आला नाही.

तो आंघोळ करून घरी आला तेव्हा राहीबाई आत भिंतीकडं तोंड करून निजली होती. सामान अंगणात तसंच पडलं होतं. नाथाजी त्याच्यापाशी बसला. थोड्या वेळानं त्याच्या ध्यानात आलं की आपण पट्टे उचलून जोडीनं जुळवतोय, पितळ वर, टोकं आत, दुसऱ्या दिवशी पुढं पाठवायला ठेवावेत तसे.

विजयमाला दारातनं बघत होती. तिचं गाठोडं मागं बांधून ठेवलेलं दिसत होतं.

"भावजी," ती म्हणाली, "उद्या सकाळी दादा नेतोय मला. आत्याबाईंच्या डोळ्याचं औषध कोनाड्यात ठेवलंय. सांजचं घालत जावा."

"बरं."

ती आत वळली, पुन्हा थांबली.

"ऱ्हाऊ द्या ते पट्टं आता. धनगराचं धनगराला द्या, आन आपलं बूट घिऊन या. अनवाणी कुठवर हिंडणार?"