शेख बयूमींची काठी आणि शहाताची थरथरती गाडी

मल्लवीच्या बाजारात भजी तळणाऱ्या ताअमियावाल्याने आपली कढई गॅरेजच्या दाराशी आणून ठेवली, तिथेच ओळखावं की आत काहीतरी चमत्कार घडणार आहे. गिऱ्हाइकाची आणि सैतानाची चाहूल त्याला बरोबर लागते. आत शहाताची जुनी सात माणसांची टॅक्सी पुढची चाकं काढून ठोकळ्यांवर उभी होती. बॉनेटवर, गाडी घेतली त्या दिवशी नजर लागू नये म्हणून कापलेल्या मेंढ्याच्या रक्तात उमटवलेला हाताचा पंजा वाळून तपकिरी झाला होता. चाळीसएक माणसं श्वास रोखून उभी होती.

"जिन्न आहे," शेख बयूमी म्हणाले. "रक्त ओलं असताना या गाडीत कोण बसलं होतं?"

सगळ्यांनी शहाताच्या बायकोकडे पाहिलं. सनियाने मान खाली घातली नाही, हा तिचा दुसरा गुन्हा.

"मी बसले होते. पाय दुखत होते," ती म्हणाली.

"ऐकलंत? ऐंशीचा वेग आला की गाडी तापकऱ्यासारखी थरथरते. गॅरेजचा उस्ता दसूकी दोन तास स्टिअरिंगचा सांधा ठोकतोय, सुटत नाही. आतून कोणीतरी धरून बसलंय. माझ्या शब्दाने सुटला, तर समजा दोष हिचाच. मग हिने आजच बापाच्या घरी जावं, म्हणजे जिन्नही तिच्या मागोमाग जाईल."

जिन्नाला तिच्या माहेरचं, दमनहूरपर्यंतचं भाडं कोण देणार, हे कोणी विचारलं नाही. सासूने, हज्जाबाईंनी, मात्र सुनेच्या कपड्यांचं गाठोडं बरोबरच आणलं होतं. हज्जाबाई तयारीच्या पक्क्या.

दसूकी मेस्त्रीने सांध्यावर खेचायचा पुलर चढवला, करकचून आवळला आणि अदबीने बाजूला झाला. शेखसाहेब घोगऱ्या आवाजात काहीबाही पुटपुटले, पाणी शिंपडलं आणि लोखंडी टोकाची काठी स्टिअरिंगच्या दांड्यावर दोनदा आपटली. धाडकन आवाज झाला आणि सांधा खाली लोंबू लागला. माणसं मागे सरकली. ताअमियावाल्याची कढई कलंडता कलंडता वाचली.

शहाता पायाकडे बघत राहिला. सनियाला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. काठीचं तिला काही नव्हतं. बापाच्या गॅरेजात दिवा धरून धरून ती मोठी झाली होती.

"शेखसाहेब, उजवीकडेही असाच सांधा आहे. तो पुलर न लावता सोडवा," ती म्हणाली.

"तिथला जिन्न कधीच गेला, पोरी."

सनियाने तिथला नट सैल केला. "गेला असेल तर हाताने निघेल की. ओढा ना."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. शेखसाहेबांनी ओढून पाहिलं. सांधा जागचा हलला नाही.

सनियाने बाह्या सारल्या, पुलर लावून आवळला आणि हातोडीचे दोन घाव दांड्याच्या कुशीत घातले. धाडकन.

"निमुळती खुंटी निमुळत्या भोकात घट्ट रुतते," ती म्हणाली. "पुलर तिला खाली खेचतो, बाजूने घाव बसला की ती क्षणभर ढिली होते आणि उडते. उस्ता दोन तास मुद्दाम नटाच्या डोक्यावर ठोकत होते. आणि मला तर एक आयतही पाठ म्हणावी लागली नाही."

"मग थरथर कुठून आली?" हज्जाबाईंनी विचारलं. गाठोडं अजून काखेतच होतं.

"गाडी घेऊन तीन महिने झाले तेव्हा थरथरत होती का, आई?"

"नव्हती. ईदेनंतर लागली."

"ईदेनंतर गाडीखाली कोण शिरलं होतं?"

आता सगळ्यांनी दसूकीकडे पाहिलं. त्यानेच मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे टोकाचा फिरता सांधा, बदलला होता. सनिया गाडीखाली सरपटली आणि नवऱ्याला हाक मारली. "शहाता, ये इकडे. ही दोन टोकं बघ. दोन्हींचे क्रॉस धरणारे काटे एका रेषेत हवेत. यांनी खुणा न करता शाफ्ट उपसला आणि खसकन वाकडा बसवला. मग तो फिरताना झटके देतो. स्वतःची चूक कबूल करण्यापेक्षा जिन्न बोलावणं सोपं, नाही का उस्ता?"

दसूकी अचानक हत्यारं गोळा करू लागला. शेखसाहेबांना नमाजाची वेळ आठवली, ती व्हायला अजून तास होता.

नवराबायकोने मिळून शाफ्ट उपसला, काटे जुळवून परत बसवला, सांधे आवळले, चाकं चढवली. शहाता कालव्याच्या रस्त्याने गाडी नव्वदवर नेऊन आला; ती एकदाही थरथरली नाही. खाली उतरला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"बस, घरी जाऊ," तो म्हणाला.

"आधी गाठोडं सोड," सनिया म्हणाली. "आईंनी नव्हे. तू. इथे, सगळ्यांसमोर."

त्याने गाठ सोडली. हात थरथरत होते, आणि त्याला जिन्नाचं कारण कोणी दिलं नाही.

सनिया गर्दीकडे वळली. "यंत्र बिघडलं की शेवटी हात कुणाचा लागला ते विचारा. घरात कोण नवीन आलं ते विचारू नका. आज मला हातोडी धरता येत होती म्हणून मी घरी चालले आहे. जिला येत नाही, तिचं काय करता तुम्ही?"