मध्यंतरापर्यंत

"रडाचा हाय का हसाचा?" लेडीजच्या खिडकीत तोंड घालून रुखमाने विचारलं.

"हसाचा," सुलताना म्हणाली. "थोडा वाह्यात हाय, पण पोट दुखते हसून. बिनधास्त बसा."

मूल गावच्या टॉकीजमध्ये बायकांची खिडकी, बायकांचं दार आणि कमरेएवढ्या भिंतीपलीकडची बायकांची पाच बाकं चौदा वर्षं सुलतानाच्या ताब्यात होती. बाजाराच्या दिवशी खेड्यांतल्या बाया भाजी, चारोळी विकून झाली की बाराच्या खेळाला येत. पोस्टर बहुतेकींना वाचता येत नसे. ज्यांना येई, त्यांचाही पोस्टरवर भरवसा नसे. त्या सुलतानाला विचारत. ती 'घरी जा' म्हणाली, की रांगच्या रांग बसस्टँडकडे वळे आणि मालक देवाजीभाऊ नुसता धुमसत राही.

आज रुखमासोबत तिची लेक होती, दीपिका. मिलवाल्याच्या घरी झाडूपोछा करणारी. मालकिणीच्या हातापाया पडून तिने दुपारची सुटी मिळवली होती. पहिलाच सिनेमा.

सुलतानाने हा सिनेमा शुक्रवारी पाहिला होता, पण मध्यंतरापर्यंत. मध्यंतर झालं की ती अंथरुणावरच्या सासूला भरवायला घरी जाई आणि खेळ सुटताना परत येई. शेवट तिने फारच थोडे पाहिले होते. रडायचा की हसायचा, हे अर्ध्यातच कळतं, अशी तिची खात्री होती.

आज नणंद आलेली, म्हणून ती थांबली.

मध्यंतरापर्यंत सगळं झकास. तीन सडेफटिंग भाडेकरू, एक टकला घरमालक. त्याचा केसांचा टोप डाळीत पडतो आणि तो डोळे मिटून आरती म्हणतोय तोवर तिघं टोप डावाने शोधतात. बाया तोंडात पदर कोंबून हसल्या. दीपिकाला तर ठसका लागला.

मग मोलकरीण आली. बादली घेऊन फरशी पुसायला बसली. तिघं मुद्दाम पाणी सांडत राहिले, ती वाकत राहिली आणि कॅमेरा तिच्या मागे ठाण मांडून बसला. एकदा नाही, पाच वेळा. तिला नाव नव्हतं. तोंडी एक शब्द नव्हता. पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या सुरू झाल्या. भिंतीवरून एकाने मान काढली.

"ए बाई! बादली आनली का सोबत?"

अख्खं टॉकीज हसलं. दीपिका हसायची थांबली. तिने हात ओढणीखाली घेतले. रुखमा उठली, मग सगळ्याच उठल्या. दारात रुखमा थबकली.

"तू पाह्यला होता ना, बाई?"

बाया गेल्या. सुलताना तरातरा मशीनच्या खोलीत चढली.

"रफीक, तो बादलीवाला तुकडा काप."

"आपा, डोकं फिरलं का? त्याच्यासाठीच तर पब्लिक दुसऱ्यांदा येऊन राह्यली."

देवाजीभाऊ तिथेच खुर्चीत पान चघळत होता. "पिक्चरच तसा हाय, बाई. तुले काय भजन पाह्यजे होतं?"

"वाह्यातपणाचं मले काई नाई, भाऊ. टोप डाळीत पडला, तवा मी भिंतीले धरून हासली. पिक्चर काढनाऱ्याले हसवता येते! कोनाची भीड नाई, आपलीच फजिती करून हसवते. मंग त्या गरीब बाईले वाकवल्याबिगर त्याचं काऊन भागलं नाई? तिनं ती बादली एकाच्या टाळक्यावर उलटी केली असती ना, तर मी उद्या शंभर बाया आनल्या असत्या!"

"तू तिकीट फाड. पिक्चर काढाले नको शिकवू."

"बायांनी मले विचारलं होतं. तुमाले नाई."

"अन् पगार कोन देते?"

सुलताना खाली खिडकीत जाऊन बसली. उरलेले चार दिवस खिडकीत येणाऱ्या प्रत्येक बाईला तिने 'घरी जा' सांगितलं. देवाजीभाऊने दोनदा खिडकीवर हात आपटला. तिने मान वर केली नाही.

पुढच्या बाजाराला सिनेमा बदलला होता. रडायचा. सुलतानाने तो शुक्रवारी शेवटपर्यंत पाहिला होता, नावांच्या पाट्या पळून पडदा पांढरा होईस्तोवर. सासूने उशिरा भरवल्याबद्दल शिव्या घातल्या, त्या तिने ऐकून घेतल्या.

बाराच्या आधी रिकामी टोपली घेऊन रुखमा समोरून निघाली. एकटीच.

"रुखमा! रडाचा हाय!" सुलताना खिडकीतून ओरडली. "पुरा पाह्यला मी. पुरा!"

रुखमा थांबली. रागावलेली दिसली नाही, ते सुलतानाला जास्त लागलं.

"बस हाय बाई," ती म्हणाली आणि गेली.

घंटा झाली. बायकांची पाचही बाकं रिकामी. बाजाराच्या सवयीने सुलतानाने आधीच फाडून ठेवलेली तिकिटं खिडकीत तशीच पडली होती. सिनेमा सुरू झाला, तरी एखादी अजून येईल म्हणून तिने बायकांचं दार उघडंच ठेवलं. दुपारचा उजेड सरळ पडद्यावर गेला, नायिकेचा चेहरा पुसट झाला.

"ओ बाई, दार लावा ना! उजेड येऊन राह्यला!" पुरुषांतून कोणीतरी ओरडलं.

"येऊ दे," सुलताना म्हणाली आणि उघड्या दाराला पाठ लावून उभी राहिली.