बाकीचा आवाज

रणगाड्यात शेजारी शेजारी बसलेल्या माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे. इंजिनाच्या धडधडाटात हुकूम विरून जायचे. लष्कराच्या प्रयोगशाळेत माझ्या नवऱ्याने उमेदीची सगळी वर्षं या एकाच कामात घातली. यंत्राने माणसाचे शब्द ओळखायचे, ते पुढे जाऊ द्यायचे आणि बाकीचा आवाज गाळून टाकायचा.

पुढे ती विद्या घरोघरच्या फोनमध्ये आली. तेव्हा हे इतके खूश, की मुद्दाम चालू ट्रकशेजारी उभे राहून लेकीला फोन लावायचे.

"काय ऐकू येतंय?"

"फक्त तुम्ही, बाबा!"

मग दिवसभर स्वारी हवेत.

निवृत्तीनंतर झटका आला आणि यांची वाचा गेली. कळायचं सगळं, पण तोंडातून नुसतं "अं… अं" निघायचं. मला सवयीने उमगू लागलं. पाणी हवं असलं की आखूड, राग आला की घशातून, आणि लेकीला हाक मारायची असली की शेवटी वर चढणारं.

लेक परदेशात नोकरीला. तिचा फोन आला तसा मी तो यांच्या तोंडाशी धरला. यांनी जीव एकवटून तो चढा सूर काढला. पुन्हा काढला. कपाळावर घाम आला.

"आई, बाबांना दे ना."

"अगं, तेच बोलतायत."

"काहीच ऐकू येत नाहीये. हॅलो? हॅलो?" तिने फोन ठेवला.

माझा शब्द न् शब्द मात्र तिला पोचत होता. काय झालंय ते माझ्या आधी यांच्या ध्यानात आलं होतं. यांनी फोन हलकेच बाजूला सारला.

मी दुरुस्तीवाल्याकडे गेले.

"काकू, बोलणं सोडून बाकीचा आवाज फोन गाळतो, ही तर सोय आहे," तो म्हणाला. "आतच बसवलेली असते. यात बंद करता येत नाही."

शेजारणीचा फोन मागून आणला, तर यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी चिडले, रडले, हातापाया पडले. पण लेकीचा फोन वाजला की हे डोळे मिटून घ्यायचे. हळूहळू माझ्याशीही आवाज काढणं सोडलं.

लेक रजा काढून आली तोवर दुसरा झटका येऊन गेला होता. ती पलंगाशी बसून हाका मारत राहिली. यांनी ओळखलं की नाही, देव जाणे.

"बाबा माझ्यावर रागावले होते का गं?" तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं.

"म्हणजे मी फोन ठेवला, तेव्हा ते बोलत होते?"

"हो."

रजा संपली तशी ती परत गेली. त्यानंतर हे फार दिवस राहिले नाहीत.