सुनंदाबाईच्या पायाखालचा ब्रेक

सावद्याच्या गिरधर चौधरीचा उजवा गुडघा धुळ्याच्या शर्यतीत मोडला, पण मोटार धड परत आली. त्याची आई बेबाबाई हिला नेमकं हेच सहन होत नव्हतं.

सन छत्तीसची गोष्ट. धुळ्याला शेतकी प्रदर्शनाच्या अखेरीस जुन्या मोटारींची शर्यत लागे. मुरूम दाबून केलेली गोल वाट आणि दोन्ही टोकांना अवघड वळण. केळीचं पीक चांगलं आलं तेव्हा गिरधरने एक जुनी, उघड्या टपाची मोटार घेतली होती. तिच्या चारही चाकांना ब्रेक होते, पण सळया आणि तारांच्या जोरावर चालणारे. शर्यतीत त्याने वळणावर ब्रेक दाबला आणि गाडीची शेपूट गर्रकन पुढे आली. गाडी उलटी फिरून बांधावर चढली. हाड सांधलं, पण गुडघा पुरता वाकेना. पायात पहिला जोरही राहिला नाही.

"इकून टाक ते धूड," बेबाबाई म्हणाली. "माह्या पोराचा पाय खाल्ला तिनं."

"गाडीचा दोष नाही, माय. मागची चाकं आधी अडकतात अन् पुढची नुसती फिरत राह्यतात. मंग शेपूट पुढे येईन नाही तं काय?"

गिरधर हट्टी होता. चालता येऊ लागल्याबरोबर त्याने खळ्यात गाडी लाकडाच्या ओंडक्यांवर चढवली. चारही चाकं अधांतरी. आता कुणीतरी ब्रेकवर हळूहळू पाय द्यायचा आणि त्याने एकेक चाक हाताने फिरवून कोणतं आधी धरतं ते पाहायचं. गडी बसवून पाहिले, पण ते लाथ मारल्यासारखा पाय देत. सगळी चाकं एकदम गच्च होत आणि काहीच कळत नसे.

त्याची बायको सुनंदाबाई न्याहारी घेऊन आली होती. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मी दाबू का?"

गिरधरने आधी घराकडे पाहिलं. आई दिसत नव्हती. "बस."

तिने लुगडं सावरलं, वर चढली आणि पेडलवर पाय ठेवला.

"थोडं. अजून थोडं. बस, तिथंच धर."

तिचा पाय तिथंच राहिला, तसूभर हलला नाही. गिरधर लंगडत या चाकाकडून त्या चाकाकडे गेला. डावं पुढचं थोडं धरत होतं, उजवं पुढचं मोकळं आणि मागची दोन्ही गच्च. त्याने सळईच्या टोकाचा नट फिरवला आणि पुन्हा तिला दाबायला सांगितलं. जेवणं राहिली. संध्याकाळपर्यंत चारही चाकं हाताला सारखी जड लागू लागली.

"आता पळवून पाह्यलं पाहिजे," तो म्हणाला आणि आपल्या गुडघ्याकडे पाहू लागला. पळवणार कोण? त्याच्या पायाने ब्रेक नीट दाबला जात नव्हता.

"मला शिकवा ना," सुनंदाबाई म्हणाली. "ब्रेक तर आता माझ्या ओळखीचा आहे."

कपाशी उपटून रिकाम्या झालेल्या रानात तिचं शिकणं सुरू झालं. पहिल्यांदा ती केळीच्या पाटात गेली, दुसऱ्यांदा बाभळीजवळून निसटली. पण हात लवकर बसला. मग गिरधरने तिला वेगात येऊन ब्रेक दाबायला सांगितलं. तिने दाबला आणि गाडी पुन्हा मागून सरकली.

गिरधर मातीतल्या खुणा बघत उभा राहिला. "चारी चाकं सारखी केली होती मी. मंग मागची आधी कशी अडकली?"

सुनंदाबाई खाली उतरली. "उतारावर बैलगाडीचा भार बैलांच्या मानेवर येतो, तसंच काहीतरी होतंय. ब्रेक दाबला की मीसुद्धा पुढे ढकलली जाते. मागून गाडी हलकी होत असेल."

त्याने हातातला पाना बॉनेटवर ठेवला. "अन् हलकं चाक लवकर अडकतं."

"हो ना."

"म्हंजे सारखं करायचंच नाही! पुढच्यानं आधी धरायचं, मागच्यानं जरा उशिरा."

त्याने मागच्या सळया ढिल्या केल्या. त्या इतक्या ढिल्या झाल्या की पुढची चाकं अडकून गाडी वळेचना, सरळ तुरीत शिरली. मग थोडं परत आवळलं. असं कितीतरी दिवस चाललं. नट फिरवणारा तो आणि पायाला काय जाणवलं ते सांगणारी ती. एक दिवस ती भरधाव आली, वळताना ब्रेक दाबला आणि गाडी दोरीने ओढल्यासारखी वळून थांबली. नेमकी बेबाबाईच्या समोर. गावात कुजबुज ऐकून ती तरातरा रानात आली होती.

गिरधर तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलू लागला. बेबाबाईने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती सुनेला म्हणाली, "लय तेज चालवते व तू."

"चुकलं, आत्याबाई."

"चुकलं कशाले? तुह्या पायाखाली कसं गुमान थांबलं ते धूड!" ती मागच्या सीटवर चढून बसली. "चाल, मले एक चक्कर दे."

पुढच्या वर्षी तिघं धुळ्याला गेली. सुनंदाबाईने जळगावहून मोटार हाकायचा परवानाही काढला होता. तरी शर्यतीची नावं लिहून घेणारे टेबलामागचे गृहस्थ कागद उलटसुलट करत राहिले.

"चौधरी, गाडी तुम्ही चालवणार ना?"

"गाडी माझी. चालवणार ही."

"अहो, पण बाई..."

"परवाना खरा आहे ना? मग नाव लिहा."

लिहिलं. मैदानभर बातमी पसरली. कुणी हसलं, कुणी बघायला मुद्दाम पुढे येऊन उभं राहिलं. धुळ्याचा अभिमन नावाचा एक मोटारवालाही शर्यतीत होता. त्याची उतारू नेणारी सर्विस मोटार चाले आणि शर्यतीची गाडी निराळी होती, सुनंदाबाईच्या गाडीपेक्षा ताकदीची. शर्यत सुटली आणि सरळ वाटेवर तो सगळ्यांना मागे टाकत गेला. पण वळण आलं की त्याला लांबूनच वेग कमी करावा लागे, नाहीतर त्याची शेपूट फिरे. सुनंदाबाई वळणाच्या अगदी तोंडाशी जाऊन ब्रेक दाबी. दर वळणाला ती त्याच्याजवळ येऊ लागली. गिरधर वाटेकडेच्या दोरीपाशी उभा राहून नकळत आपला दुखरा पाय जमिनीवर दाबत होता.

शेवटच्या वळणावर ती आतल्या बाजूने अभिमनच्या पुढे गेली. लोक उठून उभे राहिले. सरळ वाटेवर अभिमनच्या इंजिनाने पुन्हा जोर धरला आणि चुन्याच्या रेघेवर तो एका बॉनेटने पुढे निघाला.

दुसरी आली. सुनंदाबाई उतरली तेव्हा तिच्या तोंडावर धुळीचा थर होता आणि ती हसत होती.

अभिमन आला तो थेट गाडीखाली डोकावला. "चौधरीभाऊ, मनी गाडी वळणवर मांगेथून फिरी जास. हाई कशी फिरनी नही? ब्रेक कोनी बसाडात?"

गिरधरच्या ओठांवर 'मी' आलं होतं. "दोघांनी," तो म्हणाला. "नट माझे, पाय हिचा."

"मंग मनी गाडी सावदाले लई येस," अभिमन म्हणाला. सुनंदाबाईकडे वळून त्याने हात जोडले. "ताई, तुमले ब्रेकवर पाय देना पडी."

बक्षीस वाटताना व्यासपीठावरचे गृहस्थ वाचू लागले, "दुसरा क्रमांक, गिरधर चौधरी, सावदा."

गिरधर जागचा हलला नाही. "नाव चुकलं, साहेब."

गृहस्थ कागदात शोधू लागले. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून बेबाबाई पुढे सरसावली. तिने धुरळ्याने भरलेल्या सुनेचं मनगट धरलं, तिला थेट पायरीपर्यंत नेलं आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सुनंदा म्हना! माही सून आहे ती!"

मागून कुणीतरी शिटी वाजवली आणि मग टाळ्या थांबेचनात.